आधी तिच्या अंगावर उठलं

ज्यांना आज डॉक्टरांनी समोर बसवून हा आजार सांगितला असेल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. गोळी रोज घ्या, बरं वाटलं तरी घ्या, एवढंच. मला सांगायचं आहे ते माझ्या बायकोबद्दल. तिचं नाव गया. जिंतूर तालुक्यात, बोरीच्या जवळ आमचं गाव आहे. एच.आय.व्ही. आमच्या घरात तिनं आणला, असं तिथं आजही समजतात. तो मी आणला. हे वाक्य उच्चारायला मला म्हातारपण यावं लागलं.

बाजार

आम्ही धनगर. थोरला भाऊ किसनदादा मेंढ्या राखायचा, मी व्यापार बघायचो. आसपासच्या आठवडी बाजारांतून बोकड गोळा करायचे, ट्रक भरायचा आणि मुंबईच्या जनावरांच्या बाजारात न्यायचा. माल विकेपर्यंत तिथंच मुक्काम असायचा. कधी लगेच गिऱ्हाईक लागायचं, कधी आठवडा जायचा. मोकळ्या वेळात बाकीचे व्यापारी ज्या बायांकडे जायचे तिथं मीही जायचो. मला कुणी ओढून नेलं नाही. घर लांब होतं, आणि नाही म्हणणाऱ्याला बाकीचे हसायचे.

हिंगोलीकडचा लक्ष्मण माझा जोडीदार. दोन काखांत दोन बोकड धरून ट्रकात चढवणारा गडी. एका उन्हाळ्यात तो असा वाळला की दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मीच त्याला काखेत धरून नेलं. तो तिथंच गेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"तुम्ही ह्यांच्याबरोबर सगळीकडे जात होता?"

"जोडीनंच ऱ्हायचो साहेब."

"मी राहण्याचं विचारत नाही."

मी खाली बघितलं. त्यांनी माझं रक्त घेतलं. पुढच्या खेपेला मुंबईत गेलो तेव्हा मुद्दाम उशीर करत दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी दार लोटलं आणि मला बसायला सांगितलं. आजवर कुठल्या डॉक्टरनं मला बसायला सांगितलं नव्हतं. तेवढ्यावरूनच मी ओळखलं.

"आत्ता काही त्रास होतोय?"

"काय बी न्हाई. गोटा हाय मी."

"कदाचित आणखी काही वर्षं काहीच होणार नाही. म्हणून तर सांगतोय. बायकोला तपासायला घेऊन या. तोवर तिला जपा." कसं जपायचं तेही त्यांनी उघड शब्दांत सांगितलं. समजलं नाही असं म्हणायला मला जागा नव्हती. त्यांनी पुढे केलेला कागद मी टेबलावरच ठेवला आणि बाहेर पडलो. फुटपाथवर एक जण कलिंगड कापत होता. मी एक फोड घेतली आणि पूर्ण खाल्ली. मेलेल्या माणसाला तहान लागत नाही, म्हणजे मी मेलेलो नाही, असं काहीतरी तेव्हा मनात आलं होतं.

घरी पोचलो तेव्हा गया शेळीची धार काढत होती. मान न वळवता तिनं नेहमीसारखं विचारलं, "काय आणलं मुंबईहून?"

"काय न्हाई."

"बरं हाय. आमच्यासाठी आणताना हात आखडतोय वाटतं," म्हणून ती हसली.

मी कुणाला काही सांगितलं नाही. गयाशी वेगळं वागलो असतो तर तिनं कारण विचारलं असतं, म्हणून आधी होता तसाच संसार चालू ठेवला. तिला आजार त्या दिवसाच्या आधी लागला की नंतर, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ह्या न सांगता येण्याच्या आडोशाला मी बरीच वर्षं बसून होतो.

नागीण

मी गोटाच राहिलो. गया मात्र पुढच्या पावसाळ्यात कमरेशी आग होतेय म्हणू लागली. दोन दिवसांत बरगडीखाली फोडांचा पट्टा उठला. आमच्याकडे त्याला नागीण म्हणतात. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं मानतात. गावातली मथुराआजी नागिणीवर काव, म्हणजे लाल माती, लावायची. कडुनिंबाच्या काडीनं तिनं पट्ट्याच्या दोन्ही टोकांना लाल रेघा ओढल्या, म्हणजे नागीण पुढं सरकू नये. रेघा ओढता ओढता ती थांबली.

"कवाची हायेस गं तू? तिशीची तरी हायेस का?"

"असंन की. कामून?"

"न्हाई, ही म्हाताऱ्या माणसाला उठती. तरण्या अंगाला कशी धरली म्हनून."

गया म्हणाली, "मेंढरामागं फिरून म्हातारी झाले मी, तिला काय ठावं माझं वय." दोघी हसल्या. मी दारात उभा होतो. मला हसू आलं नाही, आणि ते गयानं पाहिलं.

नागीण वाळली. पण गया भरून आली नाही. आधी जेवण कमी झालं, मग खोकला लागला, मग अंगात रोज बारीक ताप राहू लागला.

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. कळपात देवीचा रोग आला की ज्या मेंढीच्या अंगावर आधी फोड दिसतील तिला आम्ही बाहेर काढतो. रोग तिनंच आणला असं धरतो. तिला लांब, काट्यांच्या वेगळ्या कुपात ठेवतो. जगली तर जगली. हे धनगराच्या पोराला शिकवावं लागत नाही, चालायला लागला की कळतं. पुढं जे झालं ते ह्याच हिशेबानं झालं.

परभणी

परभणीच्या एका दवाखान्यात गयाला भरती केलं. टीबी निघाला. डॉक्टरांना आणखी शंका आली, त्यांनी दोघांचं रक्त औरंगाबादला पाठवलं. उत्तर यायला बरेच दिवस लागले. आलं त्या दिवशी किसनदादाही भाकरी घेऊन आलेला होता. डॉक्टरांनी आम्हा दोघा भावांना व्हरांड्यात बोलावलं. गयाची खाट खिडकीला लागून होती, खिडकी उघडी होती.

"दोघांनाही आहे," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ह्याआधी कधी तपासणी केली होती?"

दादा माझ्याकडे बघत होता.

"न्हाई," मी म्हणालो.

दादा म्हणाला, "दोघांना हाय ते कळलं. पर आधी कुणाला झाला?"

"तसं सांगता येत नाही."

"सांगता येत न्हाई कसं, साहेब? हिच्या अंगावर आधी उठलं. नागीण हिला, खोकला हिला. ह्याच्याकडं बगा की, बोकडावानी हाय. ह्याला हिच्याकडनंच लागला असंन."

डॉक्टर काही बोलायला गेले, पण नर्सनं हाक मारली म्हणून ते आत गेले. दादानं माझ्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी बाप वारला तेव्हाही त्यानं असाच हात ठेवला होता. तो हात मी झटकला नाही. त्या हातापायी मी गप्प बसलो.

सुट्टी झाल्यावर आम्ही बसनं गावी निघालो. गया खिडकीशी होती. झरीचा थांबा गेल्यावर तिनं विचारलं, "अवो, लक्ष्मणभाऊजी कशानं गेले?"

"टीबीनं."

"हं."

पुढं बोरी येईपर्यंत ती बाहेर बघत होती. तिनं परत कधी विचारलं नाही.

घरी माय म्हणाली, "हंगामात माहेरी जाऊन मानवतला जिनिंगवर कामाला जायची. चार मान्सांत ऱ्हायची. कुणी बगितलंय?" जिनिंगवर आमच्या गावच्या आणखीही बाया जायच्या. गया कापूस निवडून पैसे आणायची आणि त्यातून मायला लुगडं घ्यायची. माय ते लुगडं नेसूनच हे बोलत होती. मी बाहेर जाऊन शेळ्यांना पाला टाकला.

दादानं वाडग्याजवळ, म्हणजे मेंढ्या बसवायच्या काटेरी कुपाजवळ, गयासाठी खोप घातली. तिचं ताट, तांब्या, वाकळ सगळं तिकडं गेलं. मलाही तोच आजार होता. मी घरात झोपायचो, घरात जेवायचो. ह्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. मला वाटलं, पण मी ते बोलून दाखवलं नाही.

आमची मुलगी सुमन तेव्हा शाळेत जायची. तिला खोपीत जायची बंदी होती. ती कुपाबाहेर उभी राहायची.

"ए सुमे, डोक्याला तेल लाव गं. पार चिमणीचं घरटं झालंय."

"तू लाव."

"मी कुठून लावू? मधी काटे हायेत."

"घरी कवा येतीस?"

"ह्या मेंढ्या सोडनात मला. माझ्याबिगर करमत न्हाई म्हनतात," असं म्हणून गया हसायची आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ यायची. मग सुमनच पळून जायची.

संक्रांत

थंडीत गयाला पुन्हा परभणीला न्यावं लागलं. ह्या वेळी तिची खाट वॉर्डाच्या शेवटाला, दाराशी होती. शेजारची खाट रिकामी ठेवली होती. झाडूवाला तिथपर्यंत येऊन परत फिरायचा. मी तिची भांडी धुवायचो, तिला कुशीवर वळवायचो. बाकीच्या बायका आपसांत म्हणायच्या, "नवरा बगा कसा देवमाणूस हाय. एवढं करूनही सोडली न्हाई." गयाला ते ऐकू जायचं. ती डोळे मिटून घ्यायची.

ते नामांतराचे दिवस होते. चौकात पोलीस, गाड्यांचा भरवसा नाही. संक्रांतीच्याच दिवशी विद्यापीठाला नवं नाव लागल्याची बातमी आली. पलीकडच्या रांगेत वच्छलाबाई नावाची एक बाई पायाच्या दुखण्यानं पडून होती. तिच्या घरच्यांनी पेढे आणले. आमच्या गावात अठ्ठ्याहत्तर साली ह्याच नामांतरावरून तिच्या लोकांची घरं जळाली होती, आणि आम्ही कुठल्या गावचे हे तिला माहीत होतं. तरी ती लंगडत आमच्या खाटेशी आली.

"आज वानाचा दिवस हाय. तुला कुणी कुकू लावलं का गं?"

गयानं मान हलवली. वच्छलाबाईंनी स्वतःच्या कपाळाचं बोटावर घेतलं आणि तिला लावलं. मग पेढा मोडून तिच्या तोंडात भरवला. तिच्या ओठाला लागलेली बोटं त्यांनी पदराला पुसली नाहीत. त्या आजारात गयाला परक्या माणसाचा हात लागला तो तेवढाच.

दुसऱ्या दिवशी तिला दम लागायला लागला. ती म्हणाली, "सुमीला आणा की."

"गाड्या बंद हायेत."

सगळ्या बंद नव्हत्या. आणायचं असतं तर आणता आलं असतं. मायलेकी समोरासमोर आल्या तर गया काय बोलेल ह्याची मला भीती होती.

तिनं माझ्याकडे बघितलं. "मंग तुमी तरी सांगताल ना तिला?"

"काय?"

"तुमाला ठावं हाय काय."

"सांगतो," मी म्हणालो.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला ती गेली.

आठवण

मी सांगितलं नाही. सुमन काकूच्या, म्हणजे किसनदादाच्या बायकोच्या, हाताखाली वाढली. जत्रेला जायचं म्हटलं, मैत्रिणीकडं जायचं म्हटलं की काकू म्हणायची, "आईच्या वळणावर जाऊ नको म्हंजे झालं." मी तिथंच जेवत असायचो. पुढं तिचं लग्न परभणीत झालं.

मी कसा टिकलो ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. काहींचं अंग जास्त तग धरतं म्हणाले. पुढे मलाही नागीण झाली, मग टीबी. तोवर सरकारी गोळ्या मिळू लागल्या होत्या. परभणीच्या दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या कविता मॅडम होत्या. गोळी कधीच का थांबवायची नाही, हे त्या प्रत्येकाला त्याच्या धंद्याच्या भाषेत समजावायच्या.

त्या म्हणाल्या, "काका, येऊन गेलेला आजार शरीर विसरत नाही. त्याची आठवण धरणाऱ्या पेशी असतात. लहानपणी कांजिण्या येतात आणि जातात, पण त्यांचं बी आत झोपून राहतं. ह्या आठवणीच्या पेशी त्याला उठू देत नाहीत. एच.आय.व्ही. नेमका त्यांच्यातच शिरतो. त्या मेल्या की राखण संपते, बी उठतं. तीच तुमची नागीण."

"सगळ्या एकदम मरतात का?"

"नाही. त्या सगळ्या एका जातीच्या नसतात. काही कडेला उभ्या असतात, आतड्याच्या, फुप्फुसाच्या भिंतीला. शत्रू दिसला की त्या लगेच धावतात. त्या लवकर मारल्या जातात. काही आत गाठींमध्ये बसून असतात. त्या जुनं लक्षात ठेवतात आणि गरज लागली की नव्या तयार करतात. त्या हळूहळू खचतात, आणि त्या खचल्या की माणूस ढासळतो. आणि काही फार लांब आयुष्याच्या असतात. त्यांच्यात विषाणू शिरून नुसता झोपतो. गोळी जाग्या विषाणूला अडवते, झोपलेला तिला सापडत नाही. गोळी बंद केली की तो उठतो."

मला कळपच दिसला. कडेनं चालणारी दांडगी मेंढरं लांडग्याच्या तोंडी आधी जातात. पण कळप मोडतो तो मधल्या जुन्या मेंढ्या गेल्यावर, कारण पाण्याची वाट त्यांनाच माहीत असते. आणि इथला लांडगा तर कळपातच निजलेला.

मी विचारलं, "मॅडम, ज्याच्या अंगावर आधी उठतं, त्याला आधी झालेला असतो का?"

"मुळीच नाही. कुणाच्या पेशी लवकर खचतात, कुणाच्या वर्षानुवर्षं टिकतात. पाच वर्षं मागाहून लागण झालेला माणूसही आधी आजारी पडू शकतो." मग त्यांनी विचारलं, "का विचारताय?"

"सहज," म्हणालो.

सहज नव्हतं. कोण आधी, हे मला माहीत होतंच. पण आमच्या माणसांना पटेल असं कारण माझ्याकडं नाही, अशी माझी मी समजूत घालत आलो होतो. मॅडमनी ती समजूत काढून घेतली.

मी तिथून सरळ सुमनच्या घरी गेलो. ती भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं, मुंबईच्या डॉक्टरपासून. भाकरी तव्यावर करपली. ती तिनं काढली, दुसरी टाकली.

"आबा, मला सांगून काय? आईवर माझा संशय कवा न्हवताच. ज्यांनी खोप घातली त्यांना सांगा." मग म्हणाली, "आन आईची नवमी त्या घरात घाला."

पितृपंधरवड्यातल्या नवमीला, नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात. आमच्या घरात ती गयासाठी एकदाही घातली नव्हती.

नवमी

मी दादाकडे गेलो. तो आता थकलेला, बाजेवर बसून असतो. भावजय, पुतणे, सुना, चार भाऊबंद जमले होते. मी म्हणालो, "आजार मी मुंबईहून आणला. गया आजारी पडायच्या आधीच मला कळलं व्हतं. तिला माझ्यापासनं झाला. तुमाला मी खोटं सांगितलं."

मग मी मेंढ्यांवरून सांगितलं, पेशींचं सांगितलं, आधी उठलं म्हणजे आधी झालं असं नसतं हे सांगितलं. दादानं डोळे पुसले.

"नारायण, तुझं मन लय मोठं हाय रे. मेलेल्या बाईचा बोल सोताच्या डोक्यावर घ्यायलास."

"दादा, मी खरं सांगायलोय."

"असू दे, असू दे," भावजय म्हणाली. "भावजींनी माफ केलं तिला, मंग आपुन कोण? घालू की नवमी. पुरण घालू."

मी पुन्हा सांगितलं. जितकं सांगितलं तितका मी मोठा होत गेलो. एका पुतण्यानं माझ्या पायाला हात लावला.

नवमीला सवाष्ण म्हणून सुमनलाच बसवलं. पाट, रांगोळी, पुरणपोळी, वर तुपाची धार. गयाच्या नावाचं पान शेजारी वाढलेलं. सुमननं घास हातात घेतला, तेवढ्यात भावजय मायेनंच म्हणाली, "जेव बाई पोटभर. तुझ्या आईचं पाप तुझ्या बापानं धुतलं बग आज."

सुमननं घास ताटात ठेवला. आईचं पान उचललं आणि उठली. "माफी कुणी कुणाला करायची हो काकू?" एवढंच विचारून ती ते पान घेऊन बाहेर गेली. तिच्यामागं मीही उठलो. दादा मला म्हणत होता, "पोरीला समज न्हाई, तू बस." ह्या वेळी मी बसलो नाही.

मी तिच्याबरोबरच परभणीला निघालो. बसमध्ये ती म्हणाली, "तोंडानं सांगितलं तर ते तुमालाच देव करायलेत. आता लिहा. नावानिशी लिहा. मी वाचीन, आन जिथं तुमी मोठे दिसाल तिथं खोडीन."

म्हणून हे लिहिलं. माझं नाव नारायण. आजार मी आणला, मला माहीत असताना लपवला, आणि माझ्या बायकोला खोपीत झिजू दिलं. तिनं काही केलेलं नव्हतं. गावातल्या कुणी हे वाचलं तर मोठ्यानं वाचावं.

सुमननं दोन ठिकाणी खोडलं. वॉर्डात मी गयाची सेवा केली त्याबद्दल मी बरंच लिहिलं होतं. तिनं त्यातली एक ओळ ठेवली. दुसरं गया गेली त्या ठिकाणी होतं. मी तिथं लिहिलं होतं की मी तिचा हात हातात घेऊन रडलो. सुमननं विचारलं, "रडला व्हता तुमी?"

मी आठवून पाहिलं. गया गेली तेव्हा मला हलकं वाटलं होतं. आता ती कुणाला काही सांगणार नव्हती.

मी पेन सुमनच्या हातात दिला.